पोटखराब

शारजाला मी अकरा वर्षं होतो. एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यात आम्ही सहा जण, सहा डबे आणि एकच मायक्रोवेव्ह. माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा तो पॅलेस्टिनी, वेस्ट बँकमधल्या सल्फीत जिल्ह्यातल्या एका गावचा. त्याचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, घरचे अजून तिथेच राहतात. त्याला मायक्रोवेव्ह लागायचाच नाही. वर्तमानपत्र पसरायचा, त्यावर खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, एका वाटीत झातर, म्हणजे रानपाल्याचा मसाला, आणि दुसऱ्या वाटीत जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं तेल.

तेल यायचं पेप्सीच्या दोन लिटरच्या बाटलीतून. झाकणाभोवती चिकटपट्टीच्या तीन-चार फेऱ्या. दर वर्षी नोव्हेंबर उलटला की गावाकडून कुणी ना कुणी अम्मानमार्गे येणारा ती घेऊन यायचा. पहिल्यांदा त्याने मला घास भरवला तेव्हा मला ठसका लागला. हिरवट, कडवट, घशाच्या मागच्या बाजूला मिरपुडीसारखं झोंबणारं. तो खूश. म्हणाला, झोंबलं म्हणजे नवं. नाही झोंबलं तर दुकानदाराने फसवलं समज. झातर मात्र मला ओळखीचं वाटलं. तीळ आणि सुमाकचा आंबटपणा बाजूला काढला तर खाली चक्क ओव्याचा वास. पुढे कळलं की दोन्हींत थायमॉल हे एकच द्रव्य असतं, तेव्हा माझ्या नाकाचा जरा अभिमान वाटला.

एकदा मी सहज विचारलं, जैतून उतरवतात कधी? तो म्हणाला, खरीफला.

मी म्हटलं, काय म्हणालास? आमच्याकडे खरीप म्हणजे पावसाळ्यातला भात. त्यांच्याकडे खरीफ म्हणजे शरद, ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि रबी म्हणजे वसंत. त्या दुपारी आम्ही डबे तसेच ठेवून शब्द मोजत बसलो. जिरायत सापडलं, त्यांचं झिरा'आ. मिरास सापडलं. महसूल निघाल्यावर मात्र तो मोठ्याने हसला. त्यांच्या भाषेत महसूल म्हणजे शेतातून हाती आलेलं पीक. आमच्याकडे महसूल म्हणजे सरकारात जमा होतो तो, असं मी सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे वाटेत कुठे तरी पीक शेतकऱ्याच्या हातून निसटलं म्हणायचं.

तेलाच्या गिरणीला ते मासरा म्हणतात. आमचं गाव अलिबाग तालुक्यातलं, तेव्हा घाण्याचा विषय निघाल्यावर शनवार तेल्यांची गोष्ट आलीच. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. म्हणजे बेने इस्रायल, आमचे मराठी बोलणारे यहुदी. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. 1948 नंतरच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. माझ्या आजीची एक मैत्रीण गेली ती लोद शहरात. तिची पत्रं ‘स. न. वि. वि.’ने सुरू व्हायची आणि शेवटी आमसुलं पाठवा, इथली आंबट फळं कामाची नाहीत, अशी तक्रार असायची.

हे सगळं मी रंगवून सांगितलं आणि लोद म्हणालो तेव्हा त्याचा हात वाटीत थांबला. ‘अल-लिद,’ तो म्हणाला. तिथल्या बहुतेक अरब रहिवाशांना 1948 च्या जुलैत शहराबाहेर काढलं गेलं, उन्हातान्हात चालत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजीच्या मैत्रिणीला माहीत होतं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने त्याने विचारलं, मग आमसुलं मिळाली का तिला?

मिळाली होती. आजोबांनी पार्सल केलं होतं.

*

त्याच्या घरची जमीन म्हणजे डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवर जैतून. मधे मधे उघडा खडक. फोटो पाहून मी म्हटलं, ही तर आमची वरकस. कोकणातल्या माणसाला सांगायला नको. भातखाचर खाली, वर डोंगरावर वरकस, तिथे नाचणी, वरी, कुळीथ; अर्धा कातळ आणि उरलेल्यात काय येईल ते. आमचाही असा एक तुकडा आहे. त्यात उत्पन्न असं काही नाही. तरी वडील जिवात जीव होता तोवर दर वर्षी तिथे मूठभर कुळीथ टाकायचेच. आई म्हणायची, मजुरी कुळथापेक्षा जास्त होते. वडिलांचं उत्तर ठरलेलं: ‘सातबाऱ्यावर पड लागता कामा नये.’ पीकपाण्याच्या रकान्यात कुळीथ लिहून आलं की त्यांना झोप लागायची. पड लागली तर नेमकं काय होईल हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एक पिढीजात धास्ती होती एवढंच.

सल्फीतच्या माणसाला मात्र काय होईल ते कायद्याच्या कलमासकट पाठ होतं. 1858 चा उस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याचा जमीन कायदा. त्यातलं 78 वं कलम म्हणतं, दहा वर्षं सलग कसलीत तर हक्क तुमचा. 68 वं म्हणतं, तीन वर्षं कारणाशिवाय पड ठेवलीत तर जमीन ‘महलूल’, म्हणजे सुटलेली. सुलतानाला शेतसारा हवा होता, म्हणून लोकांनी जमीन कसावी यासाठी केलेला हा कायदा. सुलतान गेले, ब्रिटिश गेले, जॉर्डन गेला. 1967 मध्ये इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतला तेव्हा जेमतेम एक तृतीयांश जमिनीची मोजणी होऊन नोंद पक्की झाली होती. लष्कराने 1968 च्या एका हुकमाने ते कामच थांबवलं. म्हणजे उरलेल्यांच्या हातात आजोबांच्या वेळचा कागद, कुशान म्हणतात त्याला, किंवा करभरणाची पावती, नाहीतर नुसती गावाची साक्ष. तिकडच्या पक्क्या नोंदीला तापू म्हणतात. मी बरेच दिवस ते ‘ताबा’ ऐकत होतो आणि अर्थही बरोबर लागत होता.

आधी इस्रायली वसाहतींसाठी जमीन ‘लष्करी गरज’ सांगून घेतली जायची. 1979 मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती वसाहत हलवायला लावली, खाजगी जमीन अशी घेता येणार नाही म्हणून. आपल्याला वाटेल, संपला प्रश्न. पण त्यानंतर उस्मानी कायद्याची धूळ झटकली गेली. विमानातून काढलेले फोटो, नकाशे, आणि जिथे कसल्याची खूण दिसत नाही ती सरकारी जमीन. अशी 900,000 हून जास्त दुनम जमीन सरकारी जाहीर झाली. चार दुनम म्हणजे साधारण एक एकर. आपण सव्वादोन लाख एकर म्हणू.

खरी मेख त्या फोटोंत आहे, आणि ती मला या माणसाने एका जेवणाच्या सुट्टीत खडूच्या पेटीएवढ्या कागदावर चित्र काढून समजावली. डोंगरातल्या तुकड्यात झाडं दगडांच्या मधे मधे असतात. वरून पाहिलं तर राखाडी खडक जास्त, हिरवे ठिपके कमी. ब्रिटिशांच्या आणि जॉर्डनच्या वेळी जेवढी माती आहे तेवढी कसली म्हणजे तुकडा कसला, असंच धरलं जायचं. इस्रायली प्रशासनाने अट घातली की तुकड्याचा निदान अर्धा भाग कसलेला दिसला पाहिजे. दगडांवर नांगर कसा फिरवणार? म्हणून काही ठिकाणी झाडांखालची माती शेतकऱ्याची आणि भोवतालचा खडक सरकारचा.

मी त्याला आमचा सातबारा समजावला. त्यात एक रकाना असतो, पोटखराब. जमिनीच्या पोटातला न कसण्याजोगा भाग: कातळ, ओहोळ, घळ. त्यावर आकार बसत नाही, पण नाव खातेदाराचंच. खडक आहे हे सरकारला मान्य, आणि खडक तुझाच हेही मान्य. इतका साधा रकाना मी आयुष्यभर कधी डोळ्यांनी वाचलासुद्धा नव्हता. त्याने मात्र तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला. अरबीत ‘प’ नाही, त्यामुळे ‘बोतखराब’ झालं.

*

मानवी हक्कांचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा येतो, फलक येतात. तिथे त्याची सुरुवात बरीचशी तलाठ्याच्या कामासारखी झाली. 1979 मध्येच रामल्लात राजा शहादेह आणि आणखी दोन सहकाऱ्यांनी अल-हक ही संस्था काढली. शहादेह जमिनीच्या खटल्यांत उभे राहणारे वकील, आणि त्याच डोंगरांत पायी हिंडणारे लेखकही. संस्थेचं मुख्य हत्यार होतं शपथपत्र. गावोगाव माणसं जायची, घर पाडलं असेल, झाड तोडलं असेल, मुलाला उचलून नेलं असेल, तर समोर बसून लिहून घ्यायची: वार, वेळ, कोण होतं, काय बोललं. साक्षीदाराची सही. भडक विशेषण नको. आज चार दशकांहून जास्त काळचे हे कागद आहेत आणि सत्तेला अवघड जातात ते नेमके म्हणूनच, असं मला वाटतं. 2021 च्या ऑक्टोबरात इस्रायलने अल-हकसकट सहा पॅलेस्टिनी संस्थांना दहशतवादी ठरवलं. नऊ युरोपीय देशांनी कागद तपासून सांगितलं की पटेल असा पुरावा आमच्यापुढे आलेला नाही. 18 ऑगस्ट 2022 च्या पहाटे सैनिकांनी कार्यालयं फोडली, सामान नेलं आणि अल-हकच्या दाराला लोखंडी पत्रा ठोकून टाकला. लोकांनी तो काढला आणि कामाला बसले. 2025 च्या सप्टेंबरात अमेरिकेने अल-हक आणि गाझातल्या दोन संस्थांवर निर्बंध घातले.

त्या सहांपैकी एक संस्था शेतकऱ्यांची आहे, युनियन ऑफ अॅग्रिकल्चरल वर्क कमिटीज. हेब्रॉनला तिची बियाण्यांची पेढी. काकडी, टोमॅटो, भोपळा, कडधान्यं, सगळी पावसावर येणारी देशी वाणं. पावसावरच्या शेतीला ते ‘बाली’ म्हणतात, बाल या जुन्या पर्जन्यदेवाच्या नावावरून. ज्याला आपण अरबीतून उचललेल्या शब्दाने जिरायत म्हणतो, त्याला अरबांनी मात्र देवाचं नाव दिलंय, गंमतच. 2024 मध्ये या पेढीचं बियाणं नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या बर्फाखालच्या कोठारात पाठवलं गेलं. 31 जुलै 2025 ला हेब्रॉनमधल्या बियाणं वाढवण्याच्या केंद्रावर बुलडोझर फिरला. बियाण्याचा कुणाला काय त्रास, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

बरं, हे सगळं निसर्गाच्या विरोधात चालतं असंही नाही. पुष्कळदा निसर्गाच्या नावानेच चालतं. सल्फीतजवळ वादी काना नावाची दरी आहे. झरे, संत्र्या-लिंबांच्या बागा. 1983 मध्ये ती संरक्षित निसर्गक्षेत्र झाली. वरच्या टेकड्यांवर वसाहती उठल्या, त्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं खाली दरीत उतरलं, झरे नासले, खालची माणसं बागा सोडून गेली. आणि जे उरले त्यांना नोटिसा आल्या: संरक्षित क्षेत्रात लावलेली जैतुनाची झाडं उपटा, निसर्गाला बाध येतो. रानातलं झातर तर 1977 मध्येच संरक्षित वनस्पतींच्या यादीत गेलं. ज्यांच्या आज्या डोंगरावरून पदरात भरून आणत त्यांना तोडताना पकडलं तर दंड. आपल्याकडेही अभयारण्य झालं की पहिली नोटीस मोहफुलं वेचणाऱ्या बाईला मिळते, हे आठवलं. पण इथे दंड करणारा परका लष्करी अंमल आहे आणि त्या अंमलात त्या आजीला मत नाही. तेव्हा तुलना इथेच सोडतो.

एक ठिकाण मात्र असं आहे की ज्याच्याबद्दल तो बोलायला लागला की थांबायचा नाही, त्याचं गाव नसूनही. बेथलेहेमच्या पश्चिमेचं बत्तीर. डोंगरातून झरा येतो, हौदात साठतो आणि दगडी पाटांनी पायऱ्यांवर उतरतो. गावात मूळ आठ घराणी. रोज एका घराण्याची पाळी. म्हणून बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा. सकाळी हौदात काठी बुडवून पाणी किती आलं ते मोजायचं आणि त्या दिवसाच्या घराण्यात वाटून द्यायचं. खानदेशात पांझरेकाठी फड पद्धतीत पाळीने पाणी फिरतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही काठी लगेच दिसेल. दरीतून 1892 ची याफा-जेरुसलेम रेल्वे जाते. 1949 मध्ये युद्धबंदीची रेषा ठरली ती नेमकी त्या रुळांपाशी. हसन मुस्तफा नावाच्या गावकऱ्याच्या खटपटीने असं ठरलं की बत्तीरकरांनी रेल्वेला धक्का लागू द्यायचा नाही आणि रेषेपलीकडची आपली शेती करत राहायची. त्यांनी ते पाळलं. पुढे इस्रायलच्या विभाजक भिंतीचा आराखडा त्या पायऱ्यांमधून गेला, तेव्हा गाव कोर्टात गेलं. सोबत इस्रायली पर्यावरणवादीही होते, आणि खुद्द इस्रायलच्या निसर्ग व उद्यान विभागाने भिंतीने या पायऱ्यांची हानी होईल असं सांगितलं. 2014 च्या जूनमध्ये युनेस्कोने बत्तीरला जागतिक वारशात घेतलं, 2015 च्या सुरुवातीला न्यायालयाने भिंत तूर्त थांबवली. मला यातलं आवडतं ते हे, की त्यांनी बांध ढासळू दिले नव्हते. दर पावसाळ्यानंतर दगड परत रचलेले होते. 2024 मध्ये तिथून जवळच, मखरूरच्या खोऱ्यात, नवी वसाहत मंजूर झाली. म्हणजे पुन्हा कोर्टकचेरी.

*

मी 2019 ला परत आलो. आमचं बोलणं फोनवर चालू राहिलं. त्याच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारा शब्द ‘तन्सीक’, म्हणजे लष्कराशी समन्वय. वसाहतीला लागून असलेल्या आपल्याच बागेत जायला वर्षाकाठी काही दिवस नेमून मिळतात, ते तन्सीकचे दिवस. 2006 मध्ये इस्रायली न्यायालयाने शेतकऱ्याला बागेत जाऊ देणं आणि त्याचं रक्षण करणं हे लष्कराचं काम असल्याचा निकाल दिला होता. कागदावर. चार दिवसांत दीडशे झाडं उतरवायची, नांगरणी-छाटणीला पुन्हा तन्सीक. त्याची आई सांगायची, झाडाला माणसाची सवय मोडली की ते रुसतं. काही वर्षं इस्रायली माणसंही यायची मदतीला, रब्बाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू असलेले, टोपी घातलेले. त्यांच्यासोबत असलं की वसाहतवाल्यांचे दगड कमी पडायचे. एकाला तिने रागावून सांगितलं होतं म्हणे, काठीने झोडपू नकोस, पुढच्या वर्षीची डहाळी मोडते.

7 ऑक्टोबर 2023 ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसं मारली गेली, आणि मग गाझात जे सुरू झालं ते आपण सगळ्यांनी फोनच्या पडद्यावर पाहिलंय. माणसांच्या आकड्यांपुढे शेतीचा आकडा सांगायला संकोच वाटतो. तरी सांगतो, कारण तो मला विसरता येत नाही: 2025 च्या मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने उपग्रहाच्या चित्रांवरून सांगितलं की गाझातल्या शेतजमिनीपैकी कसता येईल अशी 5 टक्क्यांहूनही कमी उरली आहे.

सल्फीतला त्या ऑक्टोबरात तन्सीक बंद झालं. फळं झाडावर सुरकुतली. पुढच्या वर्षीही तेच. 2024 च्या जुलैत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पॅलेस्टिनी भूभागावरचा इस्रायलचा ताबा बेकायदेशीर असल्याचं मत दिलं. त्याच महिन्यात जॉर्डनच्या खोऱ्यात 12,700 दुनम जमीन सरकारी जाहीर झाल्याची बातमी आली. मी त्याला निकालाची बातमी पाठवली. 2025 चा हंगाम आला तेव्हा त्याने एकच ओळ लिहिली: ‘अखी, तिसरं वर्ष लागतंय.’

मला पटकन कळलं नाही कशाचं तिसरं. मग 68 वं कलम आठवलं.

गेल्या पावसाळ्यात मी गावी होतो. आता तलाठी येत नाही, आपणच मोबाइलवर ई-पीक पाहणी करायची. अॅप म्हणतं, शेतात उभे राहून फोटो घ्या. दूर राहून घेतला तर तंबी देतं. वरकसवर चढून गेलो. गुडघे बोलायला लागले. गड्याने कुळीथ टाकला होता, बोटभर वर आला होता, दगडांच्या मधे मधे. फोटो काढला, पीक निवडलं, क्षेत्र भरलं. पोटखराबाचं क्षेत्र तिथे आपोआप येतं, वडिलांच्या वेळेपासूनचं तेच. रेंज जेमतेम एक कांडी. फिरणारं चक्र बघत एका खडकावर बसून राहिलो, आणि नोंद झाल्याचं हिरवं चिन्ह आल्यावर तोच फोटो त्याला पाठवला.

रात्री उत्तर आलं. कुळथाबद्दल काही नाही. ‘मधले दगड कुणाच्या नावावर?’

मी लिहिलं, आमच्याच. सांगितलं होतं ना, पोटखराब.

‘त्यातलं खराब आमचंच आहे,’ त्याने लिहिलं. ‘खराब म्हणजे ओसाड, पडलेलं. त्यावरूनच खिर्बे. जुन्या पडक्या जागी लोक परत येऊन राहिले की त्या वाडीला खिर्बेत अमुक, खिर्बेत तमुक म्हणतात. तुझ्या कागदावर खराबाला मालक आहे तर.’

मग थोड्या वेळाने एक फोटो. पुठ्ठ्यावर ठेवलेली पेप्सीची रिकामी बाटली, तळाशी हिरवट गाळ. खाली लिहिलं होतं, 2022 चं. आता झोंबत नाही.